विहिरीतले भावजी

सकाळपासून काकू विहिरीच्या काठावर ओणव्या होऊन हाका मारत होत्या आणि भावजी काही वर यायला तयार नव्हते.

"भावजी, या हो वर! काकडी आणलीय. कोवळी आहे, कडू नाही."

खाली काळं पाणी, त्यात आभाळाचा एक तुकडा आणि काकूंचं स्वतःचंच डोकं. भावजींचा पत्ता नाही.

आता आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर तुम्ही भलतंच काहीतरी समजाल. भावजी म्हणजे कासव. चांगलं परातीएवढं, पाठ शेवाळलेली, मान सुरकुतलेली आणि स्वभाव एकदम मानी. काकूंचा मुलगा रांगत होता तेव्हापासून ते या विहिरीत राहतंय. काकूंच्या यजमानांनी ते आणलं होतं आणि "हा माझा भाऊ समज" असं बायकोला सांगितलं होतं. नवऱ्याच्या भावाला भावजी नाही म्हणायचं तर काय म्हणायचं? थट्टेत पडलेलं नाव चिकटलं ते चिकटलंच.

एरवी काकूंनी बादलीच्या कडेवर चमचा वाजवला की भावजी हजर. विहिरीच्या आत एक दगड पुढे आलेला होता, त्यावर ऐटीत बसून मान लांब करायचे. आज मात्र चमचा वाजवून वाजवून काकूंचा हात भरून आला. आणि आजच ते वर यायला हवे होते. कारण थोड्या वेळात पाणीवाली येणार होती, विहिरीत औषध ओतायला. सगळी विहीर निर्जंतुक करणारं औषध. त्या औषधाच्या पाण्यात जीव असलेली कुठलीच गोष्ट राहायला नको, असं तिनं फोनवर दोनदा बजावलं होतं.

आणि आपल्या विहिरीत कासव आहे, हे काकूंनी तिला अजून सांगितलेलंच नव्हतं.

लपवायचं कारण साधं होतं. सांगितलं की ती म्हणणार, काढा. आणि काकूंना नेमकं तेच नको होतं. हे गेल्यापासून (काकू नवऱ्याचं नाव कधी घेत नसत, 'हे' म्हणायच्या) घरात बोलायला दुसरं होतं कोण? सकाळचा पहिला चहा काकू विहिरीच्या काठावरच घ्यायच्या. काल काय झालं, गुडघा कसा ठणकला, गवंडी कसा फसवून गेला, सगळं भावजींना सांगून व्हायचं. भावजी मधे बोलायचे नाहीत. तेवढा गुण तर ह्यांच्यातही नव्हता.

पण मग पाणीवालीला बोलावलं कशाला? तर नातीसाठी.

नात मागच्या खेपेला आली तेव्हा नुकतं वरचं पाणी प्यायला लागली होती. दोन दिवस छान खेळली आणि मग तिचं पोट जे बिघडलं ते बिघडलंच. पोरगी कोमेजून गेली अगदी. सूनबाई तोंडानं काही बोलली नाही, पण गाडीत बसताना तिनं पाण्याची बाटली रस्त्याच्या कडेला रिकामी केली आणि काकूंनी ते पाहिलं. नंतर मुलाचा फोन आला. आधी इकडचं तिकडचं बोलला, मग घसा खाकरून म्हणाला, "आई, एकदा पाणी तपासून घेशील का? रिपोर्ट चांगला आला की लगेच येतो आम्ही."

काकूंच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. "माझ्या विहिरीचं पाणी तपासायचं? अरे, त्याच पाण्यावर तू एवढा घोडा झालास!"

"हो गं आई. पण बाळ लहान आहे."

"तू काय मोठाच जन्मला होतास?"

फोन ठेवला खरा. पण राग नातीपर्यंत थोडाच पुरतो? तिकडे नात धरून धरून उभी राहायला लागली, आणि काकूंना ती दिसायची फोनमध्ये. त्यातही निम्मा वेळ दिसायचा तिचा एक कान आणि छताचा पंखा. "आजीला टाटा कर" म्हटलं की ती फोनच चाटायला लागायची. काकूंना रात्रंदिवस एकच लागून राहिलं, पोरगी इथं यायला हवी. या अंगणात तिचं पहिलं पाऊल पडायला हवं. शेवटी स्वतःच मदत केंद्राला फोन लावला.

नळाची योजना खालच्या वळणापर्यंत येऊन थांबलेली. वरच्या बाजूची घरं लांब लांब पसरलेली. कुणाची विहीर, कुणाचा झरा, कुणी डोंगरातून पाइप ओढून आणलेला. ज्याचं पाणी त्याची जबाबदारी. अशा घरांसाठी म्हणून मोठ्या गावात एक मदत केंद्र होतं आणि तिथून ही बाई गाडी घेऊन दारोदार फिरायची. केसांत पेन खोचलेलं, बाह्या वर, गाडीत बर्फाची पेटी आणि तोंडाची टकळी अखंड सुरू. सगळे तिला पाणीवाली म्हणत आणि तिला त्याचं काही वाटत नसे.

पहिल्या दिवशी तिनं स्वयंपाकघरातला नळ नीट पुसून घेतला, जंतू जळावेत म्हणून त्याच्या तोंडाला ज्योत लावली, पाणी बराच वेळ वाहू दिलं आणि मग एवढीशी बाटली भरून पेटीत ठेवली. काकू पदराला हात पुसत बघत राहिल्या. आपल्या घराची झडती चाललीय असं त्यांना वाटत होतं. पुढे रिपोर्ट आला तो नापास. काकूंना ते इतकं लागलं, जणू त्यांच्या संसारातच खोट निघाली.

पण पाणीवालीनं दोष दिला नाही. विहिरीभोवती फेरी मारली, पायरीवर बसली, म्हणाली, "पाणी चांगलंच आहे हो काकू. झरा जिवंत आहे. वाईट आहे ते त्यात वरून जाणारं." मग तिनं एकेक दाखवलं. ओटा तडकलाय. धुण्याच्या दगडाचं पाणी फिरून विहिरीकडेच येतंय. झाकणाला एवढी फट आहे की उंदीर बिऱ्हाड करेल. काकूंनी गवंडी बोलावला, ओटा नवा केला, धुण्याचा दगड लांब नेला, झाकण घट्ट बसणारं करून घेतलं.

"आता झाकण उघडायचं नाही हं," पाणीवाली म्हणाली.

"छे! कशाला उघडू?" काकू म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप घेऊन झाकण उघडून बसल्या. भावजींना ऊन नको का? खायला नको का? काकडीची सालं, पावाचा तुकडा, उरलेला भात, जे असेल ते.

दुसरी बाटलीही नापास झाली. पाणीवाली डोकं खाजवायला लागली. "सगळं तर केलंय तुम्ही. मग जातंय कुठून?" काकूंनी नजर छताकडे वळवली. दोन्ही वेळा ती येण्याआधी भावजींना वर काढून न्हाणीघरातल्या टबात ठेवलं होतं, वर टॉवेल. एकदा तर पाणीवाली हात धुवायला तिकडे निघालीच होती. काकू दारात आडव्या झाल्या. "तिकडे नको, भिजत घातलंय!" काय भिजत घातलंय ते तिनं विचारलं नाही, नशीब.

तर असं आहे सगळं. शेवटचा उपाय म्हणून आज औषध पडणार, आणि भावजी रुसून तळाशी बसलेले.

"अहो, असं काय करता लहान मुलासारखं?" काकू कळवळून म्हणाल्या. "ती येईल आता!"

ती आलीच. गाडीचं दार आपटल्याचा आवाज आला आणि काकूंनी काकडी पदराखाली लपवली.

"झाकण उघडून ठेवलंत होय? बरं केलंत, माझं काम वाचलं," पाणीवाली पिशवीतून हातमोजे काढत म्हणाली.

"अगं, आधी चहा घे. उन्हातून आलीयस."

"औषध टाकते आणि मग..."

"चहा निवतोय." चहा अजून ठेवलाही नव्हता.

काकूंनी तिला स्वयंपाकघरात नेऊन बसवलं आणि वेळ काढायला सुरुवात केली. तिच्या आईची तब्येत विचारली. गाडीच्या टायरची विचारली. मग विहिरीचा विषय काढला, आणि त्या विषयात मात्र वेळ काढायची गरज पडली नाही. त्या खरोखरच रमल्या.

"ह्यांनी खणली गं ती. टपालवाले होते हे. सकाळी पिशवी खांद्याला लावून सगळा डोंगर पालथा घालायचे आणि परत आले की कुदळ हातात. मी म्हणायची, अहो, पाय दुखत नाहीत का? तर म्हणायचे, पाय टपालखात्याचे, हात घरचे. पाणी लागलं त्या दिवशी आतून ओरडले, मला वाटलं साप निघाला. वाकून बघते तर चिखलात उभे राहून नाचताहेत! गुडघाभर पाणी, अंगभर चिखल आणि नुसते दात दिसतायत."

पाणीवाली हसली. काकूही हसल्या, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले.

"मी नळाच्या गावातली. मला विहिरीची भीती वाटायची. दोर ओढताना हात सोलून निघायचे. मग हे दोराला फडकं गुंडाळून द्यायचे. त्या खांबाला ह्यांचा आरसा टांगलेला असायचा, तिथंच उभे राहून दाढी करायचे, आणि मी पाणी काढत असले की मुद्दाम आरशातून बघायचे. उन्हाळ्यात आम्ही दूध बादलीत घालून विहिरीत सोडायचो, फ्रिज कुठे होता तेव्हा? आणि मुलगा आमचा शाळेतून आला की पहिलं काय, तर विहिरीत तोंड घालून स्वतःच्या नावानं ओरडायचा. विहीर परत ओरडायची. तो म्हणायचा, आई, आत माझा भाऊ राहतो." काकूंनी पदरानं डोळे पुसले. "आता कुणी ओरडत नाही."

"येतील की काकू. यासाठीच तर चाललंय सगळं," पाणीवाली म्हणाली आणि कप खाली ठेवून उठली. "चला, अजून खाली दोन घरं करायचीत मला."

काकूंना दुसरं काही सुचेना. त्या मागोमाग बाहेर गेल्या.

पाणीवालीनं वजन बांधलेली फीत सोडून पाण्याची खोली मोजली. हातमोजे घातले, तोंडाला फडकं बांधलं, बादलीत औषध कालवलं. त्याचा उग्र वास काकूंच्या नाकात शिरला. त्यांनी एकदा विहिरीत बघितलं. पाणी काळं, शांत. जाऊ दे, असंही मनात आलं, बाळ महत्त्वाचं. मुकी विहीर, मुकं जनावर, कुणाला कळणार आहे? आणि हा विचार मनात आल्याबरोबर त्यांना स्वतःचीच शरम वाटली.

"मागे सरा काकू, वाफ लागेल." पाणीवालीनं बादली उचलली, कडेवर टेकवली, तिरपी केली.

"थांब!" काकू किंचाळल्या. "टाकू नकोस! आत भावजी आहेत!"

पाणीवालीच्या हातातून बादली सुटायचीच बाकी राहिली. तिचा चेहरा पांढराफटक पडला. तिनं बादली कशीबशी खाली ठेवली आणि कठड्यावर पालथी पडून आत बघायला लागली.

"कोण आहे आत? काकू, कोण? कधी पडले?"

"पडले नाहीत गं. राहतात."

"राहतात?"

"मुलगा रांगत होता तेव्हापासून."

पाणीवालीनं काकूंकडे असं बघितलं की आधी कुणाला फोन करावा, अग्निशामक दलाला की डॉक्टरला, असा तिला प्रश्न पडला असावा. शेवटी काकूंनी पदराखालून काकडी काढली, डोळे पुसले आणि सगळं सांगितलं. टबासकट, टॉवेलसकट.

पाणीवाली ओट्यावर बसली. आधी खुदखुदली, मग तोंडावरचं फडकं काढून पोट धरधरून हसली. "म्हणजे मी चार चार ठिकाणी वाकून जंतू शोधतेय आणि साहेब टबात बसलेत!"

"हसू नको गं," काकू रडकुंडीला येऊन म्हणाल्या. "तुला माहीत नाही. मुलगा झाला ना माझा, तेव्हा मला विहिरीचं पाणी त्याला द्यायचं धाडसच होईना. चांगलं आहे की वाईट, कळणार कसं? मी हट्ट धरून बसले. हे रोज खालच्या वळणावरून नळाच्या पाण्याची घागर डोक्यावरून आणायचे. नंतर एक दिवस टपालाच्या पिशवीतून हा आणला, खालच्या डोहापाशी सापडलेला. म्हणाले, बघ, पत्ता नसलेलं टपाल आलंय. याला विहिरीत ठेवू. हा पिईल तेच आपण पिऊ. हा खडखडीत आहे तोवर बाळाला काही होणार नाही. आणि शेवटच्या आजारात मला काय म्हणाले माहितीये? मी नसलो तरी तो आहे, पाण्याची काळजी करू नको."

आता पाणीवाली हसत नव्हती. तिनं काकूंचा हात धरून त्यांना शेजारी बसवलं.

"काकू, खरं सांगू का? रागावू नका. कासवाच्या अंगावर, पोटात असे जंतू असतात की त्याला काही होत नाही. मोठ्या माणसाला बहुतेक वेळा काही होत नाही. पण तान्ह्या पोराला ते भारी पडतात. शिवाय तुम्ही भात टाकता, पाव टाकता, तो कुजतो. तो खडखडीत आहे म्हणजे बाळ खडखडीत राहील, असं नसतं हो."

"माझा मुलगा वाढलाच की!"

"वाढला. लहानपणी पोट बिघडायचं का त्याचं?"

काकूंना आठवलं. बिघडायचं. सारखं बिघडायचं. लोक दात येताहेत म्हणायचे, मग दृष्ट लागली म्हणायचे, मग आंबट खाल्लं म्हणायचे. तापानं फणफणलेल्या पोराला मांडीवर घेऊन, अंगाई म्हणत, त्या त्याच विहिरीचं पाणी चमच्यानं पाजत बसायच्या. आणि चुकून बाळ दगावलं असतं तर? काकूंनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"म्हणजे ह्यांनी पोराच्या पाण्यात..."

"अजिबात नाही," पाणीवाली जरा चढ्या आवाजातच म्हणाली. "तेव्हा होतं काय हो त्यांच्याकडे? ना केंद्र, ना बाटली, ना मी. बायको घाबरलीय, बाळ तान्हं आहे, तर त्यांना सुचलं ते त्यांनी केलं. कितीतरी गावांत विहिरीत मासे सोडतात, कासवं सोडतात. तुमच्या भावजींनी किडेमकोडे खाल्लेच असतील की. त्यांनी त्यांची नोकरी केली. आता मला करू द्या."

काकू नाक पुसून उठल्या आणि म्हणाल्या, "पंप लाव. पाणी उतरल्याशिवाय हा मेला वर यायचा नाही."

पंप लावला. पाणी बागेत सोडलं. विहिरीची ओली भिंत हळूहळू उघडी पडायला लागली, तिच्यात ह्यांनी पाय ठेवायला कोरलेल्या खोबणी दिसायला लागल्या. पाणीवालीनं बादलीत काकडी ठेवून दोर सोडला. भावजी दिसले. तळाशी एका कोपऱ्यात, मान आत ओढून, अगदी ढिम्म.

काकूंनी पदर खोचला आणि विहिरीत तोंड घातलं.

"भावजी! पुरे झाला रुसवा. मला काय हौस आहे का तुम्हाला घराबाहेर काढायची? माझ्या पोटात काय तुटतंय ते माझं मला माहीत. पण बाळ यायचंय. ऐकताय ना? ज्याच्यासाठी तुम्ही आलात, त्याचं बाळ यायचंय. तुमच्या पाया पडते, बसा त्या बादलीत."

विहिरीनं सगळं परत म्हणून दाखवलं. आता कासवाला मराठी समजतं असं कुणाचंही म्हणणं नाही. पाणी उतरलं म्हणून म्हणा, काकडीचा वास लागला म्हणून म्हणा, पण मान बाहेर आली, पाय बाहेर आले, आणि भावजी सावकाश, कुणाची भीडभाड न ठेवता, आडव्या पडलेल्या बादलीत शिरले.

वर आल्यावर प्रश्न पडला, न्यायचं कशातून? पाणीवाली म्हणाली, "माझ्या पेटीत नाही हं, त्यात नमुने असतात." काकू आत गेल्या. दारामागच्या खुंटीला ह्यांची टपालाची पिशवी अजून होती. पट्टा ह्यांच्या खांद्यानं गुळगुळीत झालेला. काकूंनी ती झटकली, आत ओलं पोतं अंथरलं, भावजींना ठेवलं आणि पट्टा स्वतःच्या खांद्यावर घेतला. पाणीवाली "मी घेते" म्हणाली, तर "नको, हे माझं टपाल आहे" म्हणाल्या.

खालच्या डोहापर्यंत दोघी पायवाटेनं गेल्या. पिशवी कमरेला लागत होती आणि आत काहीतरी हळूच हलत होतं. किती वर्षं ही पिशवी अशीच भरून या वाटेनं वर यायची आणि त्या दारात उभ्या राहून वाट बघायच्या. आज त्याच वाटेनं त्या खाली चालल्या होत्या.

डोहाच्या काठी काकूंनी भावजींना वाळूवर ठेवलं. "सांभाळून राहा. अनोळखी माणसानं काही दिलं तर खाऊ नका," एवढंच म्हणाल्या. भावजींनी मान लांब केली, पाण्याचा वास घेतला आणि निघाले. काठावर एकदा थांबतील, मागे बघतील, अशी काकूंना आशा होती. कुठलं काय! बुडुक करून आत गेले ते गेलेच.

"वळून बघितलंसुद्धा नाही मेल्यानं," काकू म्हणाल्या आणि हमसून हमसून रडायला लागल्या. ह्यांना पोचवलं त्या दिवशी घर माणसांनी भरलेलं होतं, त्यांना नीट रडताही आलं नव्हतं. आज डोहाच्या काठावर ते राहिलेलं सगळं रडणं निघालं. पाणीवालीनं घड्याळ बघितलं नाही. खालची दोन घरं तिनं दुसऱ्या दिवसावर टाकली.

मग विहीर पुन्हा भरून आल्यावर तिच्यात औषध पडलं. सगळ्या नळांना त्याचा वास येईपर्यंत पाणी सोडलं, नळ बंद ठेवले, दुसऱ्या दिवशी वास जाईपर्यंत वाहून काढलं. झाकण बसलं ते बसलं. काकू सकाळचा चहा आता पायरीवर घ्यायच्या आणि सवयीनं चमचा हातात धरून ठेवायच्या. काही दिवसांनी पाणीवाली बाटली भरून घेऊन गेली. मग एक दिवस तिचा फोन आला. "काकू, पास! एकदम स्वच्छ! पेढे... म्हणजे चहा तयार ठेवा!"

काकूंनी मुलाला फोन लावायला घेतला आणि थांबल्या. त्यांनी सुनेला लावला. एरवी त्या तिला कधी स्वतःहून फोन करत नसत.

"आई? काय झालं? बरं आहे ना सगळं?" सूनबाई घाबरलीच.

"सगळं बरं आहे. पाणी स्वच्छ आलं. घेऊन ये बाळाला."

ती हळूच म्हणाली, "आई, तुम्ही रागावलात ना माझ्यावर? मला वाटायचं, तुम्ही म्हणत असाल काय नखरे हिचे."

"म्हणत होतेच," काकू म्हणाल्या. खोटं कशाला बोला? "पण मग आठवलं. तुझ्या नवऱ्याच्या वेळी मी याहून नखरे केले होते. तुझ्या सासऱ्यांना डोंगर चढून घागरी आणायला लावल्या होत्या. तू नुसता कागदच मागितलास. ये तू. आणि ती बाटली वाटेत ओतलीस ना, ती मी बघितली होती. बरं केलंस."

तिकडून हुंदका आला की हसू, ते काकूंना कळलं नाही.

ती सगळी आली. मुलगा गाडीतून उतरला आणि सामान तिथंच टाकून थेट विहिरीकडे गेला. इतका मोठा बाप्या, केसांत पांढरं आलेलं, पण हातात पावाचा तुकडा. झाकणावर टकटक केलं. मग आईकडे बघितलं.

"डोहात आहेत," काकू म्हणाल्या. "संध्याकाळी जाऊ."

त्यानं मान हलवली. पावाचा तुकडा खिशात ठेवला आणि नवीन झाकणावरून उगाचच हात फिरवत उभा राहिला.

नात मात्र अंगणात धरून धरून कुठल्या कुठे निघाली होती. धावपळ करून तिला तहान लागली आणि ती भोकाड पसरून रडायला लागली. काकू लगबगीनं आत गेल्या, ह्यांचा पेला घासून पुसून ठेवलेला होता तो काढला, नळाखाली धरला, भरला. आणि बाळापाशी येऊन त्यांचा हात थबकला. रिपोर्ट स्वच्छ होता. पाणीवालीनं शपथेवर सांगितलं होतं. तरी हात पुढे होईना. इतकी वर्षं हा हात बिनधास्त होता, आणि आज पाणी खरोखर चांगलं असताना बिचकत होता.

सूनबाईनं ते बघितलं. तिनं काकूंच्या हातातून पेला घेतला आणि स्वतः तोंडाला लावला. निम्मा पेला तिथंच उभी राहून गटागटा प्यायली. ओठ पुसले.

"किती गोड पाणी आहे हो आई," ती म्हणाली. "आता द्या तिला."

काकूंना हसू फुटलं, डोळ्यांतून पाणी आणि तोंडावर हसू.

"काय झालं?" सूनबाईनं विचारलं.

"काही नाही गं," काकू म्हणाल्या आणि उरलेलं पाणी नातीच्या ओठांना लावलं. "भावजींची जागा रिकामी झाली होती, ती भरली."